रंग लागला, रंग बसला, रंग धरला : बहुवारिकांचा पृष्ठभाग आणि लेसर

(बडोदे येथे अकादमीच्या 'भाषा आणि विज्ञान' या सत्रात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



भाषेच्या व्यासपीठावर रसायनाच्या माणसाला बोलावल्याबद्दल अकादमीचे आभार. संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "लेसरच्या उपचाराने बहुवारिकांच्या पृष्ठभागाचे गुणधर्म कसे बदलतात." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आवाज आला, "सर, भाषेशी काही जोडता येईल का?" मी म्हणालो, जोडावे लागणारच नाही, ते जोडलेलेच आहे. कारण हा विषय मला मराठीत एका विद्यार्थ्याने शिकवला, आणि त्याच दिवशी सकाळी मी त्याला तोंडी परीक्षेत कमी गुण दिले होते.

ती हकीकत आधी सांगतो. मी काही वर्षे मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका वेष्टने बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम केले आणि नंतर शिकवण्याकडे वळलो. एका वर्षी तोंडी परीक्षेला दांडिया बाजारातल्या मराठी घरातला एक मुलगा समोर बसला. संध्याकाळी तो मामाच्या छपाईच्या कारखान्यात काम करायचा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर छपाई. मी विचारले, "व्हॉट इज वेटेबिलिटी?" तो गप्प. "व्हॉट इज अढीजन?" तरीही गप्प. मी वहीत आकडा टाकला आणि पुढच्याला बोलावले.

दुपारी चहाच्या टपरीवर तो भेटला. मी जरा रागावूनच म्हणालो, "अरे, रोज पिशव्या छापतोस आणि शाई पिशवीवर का टिकत नाही एवढे सांगता येत नाही?" तो म्हणाला, "सर, ते येतं की. शाई लागते, पण बसत नाही. लागते म्हणजे रोलरवरून फिल्मवर येते. फिल्म कच्ची असली तर ती पसरत नाही, थेंबाथेंबाने गोळा होते. ट्रीट केलेली असली तर पसरते आणि बसते. पण बसली म्हणजे धरली असं नाही. वाळल्यावर टेप लावून ओढायची. टेपबरोबर निघून आली तर धरली नव्हती. आणि धरणारी फिल्म असली तरी रोल महिनोन्‌महिने पडून राहिला तर ट्रीटमेंट उतरते. मग परत मशीनवर घ्यावी लागते."

मी चहाचा पेला हातात धरून उभा राहिलो. अर्ध्या तासाचे व्याख्यान त्याने दोन मिनिटांत दिले होते. लागणे, पसरणे, बसणे, धरणे, उतरणे. या पाच क्रियापदांतले प्रत्येक वेगळी भौतिक घटना सांगते, आणि त्याने एकाही ठिकाणी एकाच्या जागी दुसरे वापरले नव्हते. सकाळी मी त्याला नामे विचारत होतो. त्याच्याजवळ क्रियापदे होती.

आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. पृष्ठभागाचे शास्त्र मराठीत शिकवायचे तर या क्रियापदांपासून सुरुवात करावी. आता ते खरेच करून पाहू.

बहुवारिक म्हणजे पॉलिमर. विश्वकोशात हाच शब्द आहे. एकच छोटा रेणू शेकडो, हजारो वेळा एकमेकांना जोडला जाऊन तयार झालेली लांबच लांब साखळी. कापूस, रेशीम, लोकर, लाकूड ही निसर्गाची बहुवारिके; पॉलिथिन, नायलॉन, पॉलिएस्टर ही माणसाने केलेली. बडोदेकरांना यांची ओळख करून द्यायला नको. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ पासूनचा, १९६९ साली स्थापन झालेली आयपीसीएल, आणि खत कारखान्यातला नायलॉन. या शहरातल्या दोन पिढ्यांचा पगार या साखळ्यांतून आला आहे.

पॉलिथिनची साखळी फक्त कार्बन आणि हायड्रोजनची असते. तिच्यात असे एकही टोक नाही की जे पाण्याला किंवा शाईला हात देईल. म्हणून पाणी तिच्यावर पसरत नाही, मोत्यासारखे गोळा होते. पाण्याच्या पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना आत ओढत असतात. त्या ओढीला आपण पृष्ठताण म्हणतो. तो मोजला तर मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन भरतो. पॉलिथिनच्या पृष्ठभागाची ऊर्जा त्याच मापात साधारण ३१. म्हणजे पाणी स्वतःला जितके धरून आहे, त्याच्या निम्म्यानेही पॉलिथिन त्याला आपल्याकडे बोलावत नाही. टेफ्लॉनची ऊर्जा तर २० च्याही आत. छपाईच्या कारखान्यात याच मापाला 'डाइन' म्हणतात. निरनिराळ्या पृष्ठताणाच्या द्रवांचे पेन मिळतात. फिल्मवर रेघ ओढायची आणि रेघ सलग राहते की तुटून थेंब होतात ते पाहायचे. पिशवीवर छपाई करायला साधारण ३८ डाइन तरी लागतात. म्हणजे कच्च्या फिल्मला सात-आठ डाइन कमी पडतात. त्या मुलाच्या मामाचा सगळा धंदा त्या सात-आठ डाइनवर चालायचा.

थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो त्याला स्पर्शकोन म्हणतात. थेंब पसरला तर कोन लहान, गोळा झाला तर मोठा. पॉलिथिनवर पाण्याचा कोन ९० अंशांच्या थोडा वर असतो. आता एक पान आठवा. अळवावरचे पाणी आपल्या भाषेत क्षणभंगुरतेची खूण झाले आहे. त्या पानावर स्पर्शकोन दीडशे अंशांच्या आसपास जातो. थेंब जवळजवळ पूर्ण गोल. पण अळवाच्या पानावरचे मेण काही टेफ्लॉनपेक्षा वरचढ नाही. त्या मेणाखाली पानावर अतिशय बारीक उंचवटे असतात आणि थेंब त्यांच्या टोकांवर बसून राहतो. खाली हवा अडकलेली असते. गुळगुळीत मेणावर पाणी नुसते गोळा होते, खडबडीत मेणावर ते घरंगळते. इथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पृष्ठभाग पाण्याला नकार देणारा असेल तर खडबडीतपणा तो नकार वाढवतो. पृष्ठभाग पाण्याला घेणारा असेल तर खडबडीतपणा ते घेणेही वाढवतो. खडबडीतपणाचे स्वतःचे मत नसते. तो पृष्ठभागाचाच स्वभाव मोठ्या आवाजात बोलतो.

या शहरात पृष्ठभागाची विद्या प्लॅस्टिकच्या आधी आली. १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन सुरू केले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनतज्ज्ञाकडे दिली. कलाभवनाचा एक मोठा भाग रंगकामाचा होता. रंगकाम म्हणजे तंतूचा पृष्ठभाग रंग घेईल असा करणे. कच्चा कापूस पाण्यावर टाकून पाहा; तो तरंगतो, भिजत नाही, कारण त्याच्यावर मेणाचा अगदी पातळ थर असतो. क्षारात उकळून तो काढला की तोच कापूस पाणी पितो. पुढे हिरडा आणि तुरटी दिल्याशिवाय मंजिष्ठाचा लाल रंग त्याच्यावर लागतो, पण धरत नाही. पहिल्या धुण्यात निघतो. प्रत्येक रंगाऱ्याला हे ठाऊक होते. पृष्ठभाग आधी साफ करायचा, मग त्याला धरायला हात द्यायचे, मग रंग. आजचा लेसर यापेक्षा वेगळे काही करत नाही. तो हे भट्टीशिवाय, पाण्याशिवाय आणि निमिषार्धात करतो.

गज्जरांची आणखी एक गोष्ट पृष्ठभागाचीच आहे. १८९६ साली मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासले. तो डाग काढायला भलेभले पुढे आले आणि त्यांनी हात टेकले. बडोदे सोडून मुंबईला गेलेल्या गज्जरांनी तो काढून दाखवला. पुतळ्याविषयी आपली भावना काय असावी हा वेगळा प्रश्न. रसायनाचा प्रश्न असा होता की डाग जावा आणि दगड राहावा. वरचा थर बदलायचा, आतल्याला धक्का लावायचा नाही. पृष्ठभागावर काम करणाऱ्या कोणालाही हीच अट असते.

कलाभवनातच दादासाहेब फाळके शिकले. त्यांनी पुढे ज्या फिल्मवर 'राजा हरिश्चंद्र' चित्रित केला ती सेल्युलॉइडची पट्टीही बहुवारिकच. तिच्यावर प्रकाशाला जाणणारा जिलेटिनचा थर सरळ धरत नसे. मध्ये एक पातळ जोडथर द्यावा लागे. भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचे चित्र टिकले ते त्या न दिसणाऱ्या थराच्या जोरावर.

आता लेसर. १९६० साली पहिला लेसर चालला. लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच दिशेने, एका तालात जाणारा प्रकाश. आपल्या कामाला त्याचे दोन गुण उपयोगी. तो हव्या त्या ठिंपक्यावर आणता येतो, आणि तो अगदी छोट्या झटक्यांत देता येतो. मात्र बहुवारिकावर काय होईल हे प्रकाशाच्या रंगावर, म्हणजे तरंगलांबीवर अवलंबून असते. इथे एक फरक नीट समजून घ्यावा.

कार्बन डायऑक्साइडच्या लेसरचा प्रकाश अवरक्त असतो, तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. त्याच्या एका प्रकाशकणाची ऊर्जा ०.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढीच. साखळीतला कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३.६ लागतात. त्यामुळे हा प्रकाश बंध थेट तोडत नाही, तो तापवतो. बहुवारिक वितळते, फेसाळते, जळते. नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडे हे रोज दिसते. ॲक्रिलिकची कड लेसरने कापली तर वितळून आरशासारखी चकचकीत होते, आणि तेच ॲक्रिलिक वरवर कोरले तर पांढरे, धुरकट दिसते. पाण्याच्या बाटलीवर शाईशिवाय उमटलेली तारीख कधी पाहिली असेल. तीही अशाच लेसरने कोरलेली असते.

दुसऱ्या टोकाला जंबुपार लेसर. आर्गॉन आणि फ्लोरीन यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या लेसरची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर, एका कणाची ऊर्जा ६.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हा एक कण एक बंध तोडू शकतो. पॉलिएस्टरच्या साखळीत बेंझिनची कडी असते आणि ती हा प्रकाश अधाशासारखी शोषते. त्यामुळे प्रकाश खोल जातच नाही. वरच्या मायक्रोमीटरच्या अंशातच संपतो. तिथले बंध एकाच वेळी इतके तुटतात की साखळीचे तुकडे वाफेसारखे उडून जातात आणि उष्णता आत पसरायला वेळ मिळत नाही. झटका काही नॅनोसेकंदांचा. एका झटक्यात निघणारा थर मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाएवढा. केसाची जाडी साधारण ७० मायक्रोमीटर धरली तर सातशे झटके दिल्यावर कुठे केसाएवढी खोली होईल.

या शोधाची कथा आपल्याकडच्या माणसाशी जोडलेली आहे. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत जंबुपार लेसरने बहुवारिकांच्या पृष्ठभागावर काम करत होते. काठ न जळता नेटका खड्डा पडतो हे त्यांनी पाहिले. मग प्रश्न आला, प्लॅस्टिकवर जे होते ते सजीवाच्या ऊतीवर होईल का? १९८१ साली थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणातला उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत आणला आणि लेसरखाली धरला. शेजारचा भाग न भाजता स्वच्छ काप पडला. आज डोळ्यांचा नंबर घालवण्याची जी लेसर शस्त्रक्रिया होते, तिचे मूळ तिथे आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातले कोलॅजन हेही एक बहुवारिकच. तुमच्यापैकी कोणी चष्मा सोडला असेल तर त्याच्या डोळ्यांवर पॉलिएस्टरचे शास्त्र वापरले गेले आहे.

पृष्ठभागावर नेमके काय बदलते, ते आता क्रियापदांनी सांगतो.

पहिले, तो निवळतो. प्लॅस्टिकवर तेलकटपणा, घडण्याच्या वेळचे मेणचट पदार्थ आणि सुट्या लहान साखळ्या यांचा एक ढिला थर असतो. गोंद या थराला चिकटतो आणि थरासकट सुटतो. लेसर तो उडवतो. कापसाला क्षारात उकळण्याचेच हे काम.

दुसरे, त्याला टाकी लागते. हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आमच्या लहानपणी गल्लीत टाकीवाली यायची. पाटा वापरून गुळगुळीत झाला की चटणी वाटली जात नाही, वरवंटा नुसता घसरतो. ती छिन्नीने पाट्यावर बारीक खळगे पाडून द्यायची. पाटा तोच, दगड तोच. पण आता धरतो. लेसर बहुवारिकाला नेमकी अशीच टाकी लावतो, फक्त तिचे खळगे मायक्रोमीटरचे किंवा त्याहूनही लहान असतात. ताणून काढलेल्या पॉलिएस्टरच्या धाग्यावर जंबुपार लेसर टाकला तर ताणाच्या आडव्या दिशेने एकामागून एक लहान लाटा उठतात, जणू वाळूवर वाऱ्याने काढलेल्या. अशा धाग्याची चकाकी मंदावते आणि तो लेपाला चांगला धरतो. शास्त्रात 'मायक्रो-टेक्स्चरिंग' म्हणतात. टाकी लावणे म्हटले तर माझ्या आजीलाही समजले असते, आणि अर्थात काही कमी होत नाही.

तिसरे, त्याला हात फुटतात. बंध तुटल्यावर साखळीची टोके मोकळी होतात आणि हवेतला ऑक्सिजन तिथे बसतो. ही ऑक्सिजनची टोके ध्रुवीय असतात, म्हणजे त्यांच्यावर विजेचा भार असमान वाटलेला असतो. पाणी, शाई, गोंद त्यांना धरतात. पण इथे मात्रा सांभाळावी लागते. लेसरची मात्रा बेताची असेल आणि काम हवेत असेल तर ऑक्सिजन वाढतो. मात्रा फार वाढली तर उलटे होते. ऑक्सिजन निघून जातो आणि वरचा थर कार्बनकडे झुकतो. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांसारखेच हे.

चौथे, कधी कधी तो पालटतोच. पॉलिइमाइड नावाचे पिवळसर, वीज न वाहणारे बहुवारिक आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात असे दिसले की साध्या कार्बन डायऑक्साइड लेसरने त्यावर रेघ ओढली तर रेघेपुरता पृष्ठभाग ग्राफीनच्या सच्छिद्र काळ्या थरात बदलतो आणि वीज वाहू लागतो. खालचा कागदासारखा पापुद्रा वीजरोधकच राहतो. म्हणजे प्रकाशाच्या लेखणीने वीजमंडळ लिहिता येते. लेखकांच्या सभेत हे सांगायला हवे असे मला वाटले.

हे चारही बदल एकाच वेळी होतात, आणि म्हणून त्यांची बेरीज सोपी नसते. अळवाचे पान आठवा. लेसरने फक्त टाकी लावली आणि हात दिले नाहीत, तर पाण्याला नकार देणारे बहुवारिक आणखी ठाम नकार देईल. काही वेळा तेच हवे असते. ज्यावरून पाणी घरंगळून धूळही घेऊन जाईल असे पृष्ठभाग अतिजलद लेसरने करता येतात. टाकीबरोबर हातही दिले, तर तोच पृष्ठभाग पाणी ओढून घेतो. एकाच यंत्रातून दोन विरुद्ध गुण निघतात. विद्यार्थ्यांनी 'लेसरने ओलाव्याची क्षमता वाढते' असे एक वाक्य पाठ केले तर ते अर्ध्या वेळा चूक ठरेल.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पॉलिथिन १९३ नॅनोमीटरचा प्रकाशसुद्धा फारसा शोषत नाही आणि टेफ्लॉन तर त्याहून हट्टी. जो प्रकाश शोषलाच जात नाही तो काम कसा करणार? शिवाय लेसर ठिंपक्याठिंपक्याने जातो, म्हणून मिनिटाला शेकडो मीटर धावणाऱ्या फिल्मला तो परवडत नाही. दुधाच्या पिशवीची फिल्म आजही विजेच्या कोरोना ठिणग्यांखालून जाते. त्या मुलाच्या तोंडची 'ट्रीटमेंट' ती हीच. आपल्या शेजारी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने अंगोरा सशाच्या निसरड्या केसांवर प्लाझ्माचा उपचार करून ते सूतकताईला धरतील असे केले. इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात बहुवारिकांवर वेगवान आयनांचा मारा करून संशोधन झाले आहे. प्रश्न सगळीकडे एकच, हत्यारे वेगवेगळी. लेसर तिथे उपयोगी जिथे अगदी नेमक्या जागेपुरता बदल हवा असतो. उदाहरणार्थ, शरीरात बसवायच्या एखाद्या भागावर ठरावीक पट्टीतच पेशींनी धरावे आणि बाजूला धरू नये.

आणि काही बदल उतरतात. ऑक्सिजनची टोके ऊर्जा कमी करण्यासाठी हळूहळू आत वळतात. साखळ्या सैल असतील तर लवकर वळतात. पंधरा दिवसांपूर्वी पसरणारा थेंब पुन्हा गोळा होऊ लागतो. टाकी मात्र राहते. 'उतरणे' हा शब्द त्या मुलाने किती अचूक वापरला होता पाहा. इस्त्री उतरते, धार उतरते, नशा उतरते. जे वरून दिलेले असते आणि वस्तूच्या स्वभावात नसते, ते उतरते. 'हायड्रोफोबिक रिकव्हरी' ही संज्ञा मी वीस वर्षे शिकवली, पण तिच्यातून ही गोष्ट इतकी उघड होत नाही.

शाळेत लेसर कटर घेणाऱ्या शिक्षकांसाठी एक सूचना मध्येच देतो. पीव्हीसीचा कोणताही तुकडा त्याच्याखाली ठेवू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांनाही वाईट आणि यंत्रालाही.

आता पुन्हा भाषेकडे. कलाभवनात शिक्षण देशी भाषांतून द्यावे असा सयाजीरावांचा आणि गज्जरांचा आग्रह होता. त्यासाठी शास्त्रीय पुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले गेले. पुढे १९३१ साली याच संस्थानाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' प्रसिद्ध केला. इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी पर्याय. राज्यकारभाराच्या शब्दांसाठी आठ भाषा शेजारी बसवणारे ते काम आजही थक्क करते. पण तो कोश नामांचा आहे, आणि ते स्वाभाविकच आहे. कचेरीला नामे लागतात. आपण विज्ञानाची परिभाषा केली तेव्हाही त्याच वाटेने गेलो. आर्द्रता, आसंजन, पृष्ठऊर्जा. हे शब्द वाईट नाहीत. मी स्वतः ते वापरतो, आज इथेही वापरले. पण मुलगा घरून आणि कारखान्यातून जी भाषा घेऊन येतो तिच्यात हे ज्ञान आधीच क्रियापदांच्या रूपात असते. नाम त्याच्यावर वरून लावले तर ते लागते. धरत नाही. परीक्षा झाली की उतरते.

काही जण म्हणतील, क्रियापदे सैल असतात, शास्त्राला काटेकोरपणा हवा. मीही बरीच वर्षे असेच म्हणायचो. पण 'अढीजन' हा एक इंग्रजी शब्द शाई पसरण्यालाही आणि टेपला न सुटण्यालाही विद्यार्थी सर्रास वापरतात, आणि आमची मंडळी ते खपवून घेतात. मराठी छापखान्यात 'बसली पण धरली नाही' हे वाक्य रोज बोलले जाते. यातले जास्त काटेकोर कोणते? मराठीत तर 'मुरणे'ही आहे. शाई कागदात मुरते, फिल्मवर मुरत नाही. कागदावर छापणारा फिल्मवर छापायला गेला की जी चूक करतो, ती या एका क्रियापदात आहे.

म्हणून अकादमीपुढे एक साधी विनंती ठेवतो. एक छोटा संग्रह करावा. रंगारी, छापखानेवाले, नावाच्या पाट्या करणारे, वार्निशवाले, कल्हईवाले, ओतकाम करणारे यांच्याकडे विद्यार्थ्यांनी जावे आणि पृष्ठभागाविषयी ते जी क्रियापदे वापरतात ती वाक्यासकट लिहून आणावीत. मराठी, गुजराती, आणि बडोद्याला दोन्ही मिळून जी बोली झाली आहे तीही. शेजारी शास्त्रीय घटना लिहावी, आणि शेवटी परिभाषेतले नाम. क्रम हाच ठेवावा; वाक्य आधी, नाम शेवटी. कल्हईवाले आता विरळ झाले आहेत आणि टाकीवाली तर मी कित्येक वर्षांत पाहिलेली नाही, म्हणून हे काम लवकर व्हावे.

शिक्षकांना दुसरी विनंती. उद्या वर्गात दुधाची रिकामी पिशवी, अळवाचे एक पान, लेसरने तारीख कोरलेली एक बाटली आणि ड्रॉपर घेऊन जा. प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब सोडा. काही शिकवू नका, आधी विचारा, "थेंब काय करतोय?" मुले जी क्रियापदे सांगतील ती फळ्यावर लिहा. तास तिथून सुरू करा.

राहिला तो मुलगा. त्या संध्याकाळी मी गुणपत्रक बदलायला गेलो, पण ते पुढे पाठवून झाले होते. तो उत्तीर्ण झाला, पण जेमतेम. आज त्याचा स्वतःचा छपाईचा कारखाना आहे. मागच्या वर्षी मी एका सेवानिवृत्तांच्या मंडळासाठी पिशव्या छापून घ्यायला त्याच्याकडे गेलो होतो. त्याने एक पिशवी घेतली, टेप लावली, ओढली आणि माझ्यापुढे धरली. टेप कोरी होती. "सर," तो म्हणाला, "धरलंय." मी त्याला अजून सांगितलेले नाही की त्या दिवशी तोंडी परीक्षेत नापास झालो होतो तो मी. आज इथे सांगितले, आता तेही सांगेन.